सत्तावन्न आठवडे ते तीन दिवस : मराठी चित्रपटाचा गल्ला आणि आपले ग्वाल्हेर

शुक्रवारी चित्रपट लागतो आणि सोमवारी सकाळी त्याचा निकाल आपल्या फोनवर येतो. पहिल्या दिवशी किती, शनिवारी किती, रविवारी किती, आता आठवडा किती करेल, पुढच्या शुक्रवारी येणारा चित्रपट किती करेल. ज्यांनी तो चित्रपट पाहिलेला नाही आणि पाहणारही नाहीत, असे लोकसुद्धा या आकड्यांवर वाद घालतात. पूर्वी 'कसा आहे?' असे विचारायचे, आता 'किती केले?' असे विचारतात.

हा हिशेबाचा नाद आजचा नाही. भारतात चित्रपट बनवून त्यावर पोट भरण्याचा धंदा ज्यांनी उभा केला, त्यांतले पहिले गृहस्थ मराठी होते आणि गल्ल्याची पहिली चिंताही त्यांनाच करावी लागली. त्या दिवसापासून आजपर्यंत गल्ला मोजण्याची रीत तीन-चार वेळा बदलली. रीत बदलली तसा चित्रपट कोणासाठी बनवायचा आणि कोणत्या गावी पाठवायचा याचा निर्णयही बदलला. आपल्या ग्वाल्हेरला मराठी चित्रपट का येत नाही, या जुन्या प्रश्नाचे उत्तर याच इतिहासात आहे.

तीन रुपयांचा गल्ला

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. मुंबईत तो चालला. पुढे सुरतेला नेला, तेव्हा पहिल्या खेळाचा गल्ला तीन रुपये जमला, असे सांगतात. कारणही मजेशीर होते. तिथल्या लोकांना तेवढ्याच पैशांत रात्रभर चालणारे नाटक पाहायची सवय होती. दीड तासाच्या चित्रपटाला तेवढेच पैसे का मोजायचे? फाळक्यांनी तिकीट कमी केले नाही, जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ अवघ्या तीन आण्यांत, असे त्यांनी छापले. लोकांना मापात हिशेब पटला आणि गल्ला वाढला.

या एका प्रसंगात धंद्याचा पुढचा सगळा धडा आहे. एका गावी चाललेला चित्रपट दुसऱ्या गावी चालेलच असे नाही. प्रेक्षक चित्रपटाची तुलना दुसऱ्या चित्रपटाशी करत नाही, त्याच पैशांत आणखी काय मिळते त्याच्याशी करतो. आणि किती लोक येतील हे तिकीटबारी उघडेपर्यंत कोणालाच कळत नाही. खुद्द फाळक्यांनाही कळले नव्हते.

चार वर्षांनी, १९१७ साली, त्यांचा 'लंकादहन' आला. त्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या होत्या. या चित्रपटाला अशी गर्दी लोटली की नाण्यांच्या थैल्या बैलगाडीत घालून न्याव्या लागल्या, अशी आठवण चित्रपटाच्या इतिहासात नोंदली गेली आहे. आपल्याकडे गल्ल्याची पहिली मोठी बातमी आकड्यांत आली नव्हती, बैलगाडीतून आली होती!

आठवडा हेच माप

बोलपटाच्या काळात माप बदलले. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. हा मराठीतला पहिला बोलपट. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी १९२९ साली कोल्हापुरात काढलेली ही कंपनी १९३३ साली पुण्यास आली. पुण्यात प्रभातचे चित्रपट ज्या थिएटरात लागत, ते इंदूरच्या सरदार किबे घराण्याच्या मालकीचे होते. होळकरांच्या राज्यातल्या मराठी घराण्याचा पैसा पुण्याच्या थिएटरात लागला होता, हे आपण माळवा-ग्वाल्हेरकडच्या मंडळींनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१२ डिसेंबर १९३६ रोजी 'संत तुकाराम' मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि तिथेच ५७ आठवडे चालला. एका थिएटरात वर्षभराहून अधिक काळ चाललेला हा पहिला भारतीय चित्रपट मानला जातो. विष्णुपंत पागनीस मूळचे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट. त्यांचा तुकाराम लोकांनी इतका आपला मानला की चित्रपट वर्षभर उतरला नाही. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, पण तोवर मुंबईच्या गिरणगावाने आणि गिरगावाने आपला निकाल देऊन टाकला होता.

त्या काळी वर्तमानपत्रात 'अमुक आठवडा' असे छापून येई. रुपयांचा आकडा क्वचितच येई. पंचवीस आठवडे झाले की रौप्यमहोत्सव, पन्नास झाले की सुवर्णमहोत्सव. आठवडा मोजणे सोपे होते, सगळ्यांना दिसत होते आणि त्यात फसवाफसवी कमी होती. रुपयांच्या बाबतीत तसे नव्हते. वितरक चित्रपटाच्या पेटीबरोबर आपला माणूस पाठवत असे. तो थिएटरात बसून तिकिटांचे फाटके तुकडे मोजायचा, रोजच्या गल्ल्याचा तक्ता भरायचा आणि टपालाने पाठवायचा. लहान गावी हा माणूस पाठवणे परवडत नसे. मग ठोक रक्कम ठरवून चित्रपट भाड्याने दिला जाई. त्यापुढे किती लोक आले ते थिएटरवाल्यालाच ठाऊक. म्हणून जुन्या चित्रपटांनी 'इतके कोटी केले' असे आज जे आकडे फिरतात, त्यातले पुष्कळसे मागाहून केलेले अंदाज आहेत. सत्तावन्न आठवडे मात्र खरे आहेत.

आठवडा हे माप असल्याचा एक मोठा फायदा होता. चित्रपटाला वेळ मिळत असे. पहिल्या आठवड्यात अर्धे रिकामे थिएटर असले तरी लोकांच्या तोंडून बातमी पसरायला दोन-तीन आठवडे मिळत. एका प्रिंटला पुढे पुढे पन्नास हजारांहून अधिक खर्च येऊ लागला, त्यामुळे प्रिंटा मोजक्याच निघत. मोठ्या शहरात चालून झालेली पेटी मग लहान शहरात जाई, तिथून तालुक्याला. चित्रपट वर्ष-दोन वर्षे प्रवासात असे.

अडीच वर्षे एकाच थिएटरात

या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ मराठीत 'सांगत्ये ऐका'ला झाला. अनंत माने यांचा हा १९५९ सालचा तमाशापट पुण्याच्या विजयानंद थिएटरात सुमारे अडीच वर्षे मुक्काम ठोकून होता. त्याच्या आधी आचार्य अत्र्यांच्या १९५३ सालच्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले होते. एकाच दशकात साने गुरुजींची आई आणि तमाशाचा फड, दोन्हींनी मराठी माणसाला थिएटरात ओढले. तेव्हा कोणी भाकीत करायला बसला असता, तर या दोन्हींना धरील असे एक सूत्र त्याला सापडले नसते.

मग दादा कोंडके आले. 'सोंगाड्या' १९७१ सालचा. दादरच्या कोहिनूर थिएटरात तो लागायचा होता, पण त्याच सुमारास देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' आला आणि थिएटरवाल्यांचा कल तिकडे गेला. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक थिएटरासमोर उभे राहिले आणि 'सोंगाड्या' लागला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पुढे तो रौप्यमहोत्सवी झाला. 'सोंगाड्या'पासून 'एकटा जीव सदाशिव', 'पांडू हवालदार', 'राम राम गंगाराम' असे करत त्यांच्या सलग नऊ चित्रपटांनी पंचवीस आठवडे पार केले आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली.

कोहिनूरच्या प्रसंगाकडे केवळ राजकारण म्हणून पाहू नये. थिएटरमालकाचे भाकीत असे होते की हिंदी चित्रपट जास्त गल्ला देईल. त्या भाकितामुळे मराठी चित्रपटाला पडदाच मिळेना. पडदा मिळाला नसता तर गल्ला झाला नसता, आणि गल्ला झाला नाही म्हणजे भाकीत खरे ठरले असते. अंदाज हा नुसता अंदाज राहत नाही, तोच पुष्कळदा निकाल घडवतो. मुंबईत हे मोडायला माणसे उभी राहिली. जिथे मराठी वस्ती थोडी, तिथे कोण उभे राहणार?

नकाशावर आपण कुठे?

चित्रपटांच्या धंद्याचा स्वतःचा एक नकाशा आहे आणि तो सरकारी नकाशाशी जुळत नाही. मुंबई, दिल्ली-यूपी, ईस्ट पंजाब, निझाम, म्हैसूर, सीपी-बेरार, राजस्थान आणि सीआय म्हणजे सेंट्रल इंडिया, असे हे प्रांत. नावे ऐकताच काळ कळतो. निझामाचे राज्य गेले. सेंट्रल इंडियातली संस्थाने विलीन झाली. मे १९४८ मध्ये ग्वाल्हेर आणि इंदूर मिळून मध्यभारत झाला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी तोही मध्यप्रदेशात मिसळला. पण चित्रपटाचे हक्क विकताना आणि गल्ला मोजताना आजही जुनेच प्रांत धरले जातात. शिंदे आणि होळकर एकत्र नांदतात असा एक तरी नकाशा अजून शिल्लक आहे. तो चित्रपट वितरकांचा!

आपले ग्वाल्हेर या नकाशात सीआयमध्ये येते. सीआय, सीपी-बेरार आणि राजस्थान या तिघांची मिळून वितरक व थिएटरमालकांची जी संस्था आहे, ती सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन. तिचे मुख्यालय कुठे असावे? भुसावळला. आपल्याकडच्या चित्रपटांचे वाद, थकलेले भाडे, प्रदर्शनाच्या अडचणी यांचा निवाडा खानदेशातल्या रेल्वे जंक्शनच्या गावी होत आला आहे. नागपूर, अमरावती, अकोल्याचा प्रेक्षक आणि लष्कर-मुरारचा प्रेक्षक एकाच सर्किटात मोडतो. म्हणजे मराठी चित्रपट विदर्भात पोचवणारी वाट आणि ग्वाल्हेरची वाट धंद्याच्या दृष्टीने शेजारशेजारच्या. पण विदर्भाची पेटी विदर्भातच राही आणि आपल्याकडे हिंदी पेटी येई.

महाराज बाड्यावरच्या टाउन हॉलच्या इमारतीत रीगल टॉकीज होते, हे आपल्यातल्या ज्येष्ठांना सांगायला नको. संस्थानी काळातल्या त्या वास्तूत पुढे हिंदी चित्रपटांचे खेळ लागले. प्रभातच्या बाबतीत मात्र एक सोय होती. कंपनी बहुतेक चित्रपट मराठी आणि हिंदी असे दोन्ही भाषांत काढी. 'अयोध्येचा राजा'चा 'अयोध्या का राजा', 'कुंकू'चा 'दुनिया न माने', 'माणूस'चा 'आदमी', 'शेजारी'चा 'पडोसी'. यामागे भाषाप्रेमापेक्षा हिशेब अधिक होता. नुसत्या मराठी मुलखात खर्च भरून येत नसे, हिंदी आवृत्तीने उत्तरेचा बाजार उघडत असे. उत्तरेकडच्या मराठी माणसापर्यंत पुण्याची मराठी कंपनी अशी हिंदीच्या वाटेने पोचली. 'संत तुकाराम' मात्र मराठीतच निघाला आणि त्यांच्या यशात तोच शिरोमणी ठरला.

भाकीत करणारे

भाकीत करणाऱ्या मंडळींतही आपल्या परिसराचा वाटा आहे. बाबूराव पटेल यांनी १९३५ साली 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक सुरू केले. त्यांच्या लेखणीची निर्मात्यांना धास्ती वाटे, चांगल्या चाललेल्या चित्रपटाचीही ते सालटी काढत. हेच बाबूराव १९६७ साली जनसंघाच्या तिकिटावर शाजापूरहून लोकसभेत निवडून आले. शाजापूर म्हणजे जुन्या ग्वाल्हेर संस्थानाचाच जिल्हा. चित्रपटांवर निकाल देणाऱ्या माणसाला आपल्या मुलखाने निवडणुकीत कौल दिला.

दुसरे जयप्रकाश चौकसे. बुऱ्हाणपूरचे, पुढे इंदूरचे, स्वतः वितरक आणि लेखक. 'दैनिक भास्कर'मधला त्यांचा 'पर्दे के पीछे' हा स्तंभ अडीच दशके चालला. आपल्यापैकी अनेकांच्या सकाळच्या चहाबरोबर तो असे. मार्च २०२२ मध्ये ते गेले. वितरक म्हणून त्यांनी पैसा लावलेला होता, त्यामुळे आकड्याच्या मागची माणसे त्यांना दिसत. चित्रपट का चालला हे ते आवर्जून सांगत, पुढचा किती करेल यात त्यांना फारसा रस नसे.

तिसरी गोष्ट तर थेट ग्वाल्हेरची. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ रोजी लागला. पहिल्या दिवसांत चित्रपट बसला असेच धंद्यातले लोक बोलू लागले. शेवट बदलावा का, यावर विचार सुरू झाला. तेव्हा लेखक सलीम-जावेद या जोडीने व्यापारी पत्रांत जाहिरात देऊन जाहीर केले की हा चित्रपट प्रत्येक मोठ्या प्रांतात एक कोटी करेल. लोक हसले. पुढे 'शोले' मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे चालला आणि ते भाकीतच तोकडे पडले. या जोडीतले सलीम खान इंदूरचे आणि जावेद अख्तर यांचा जन्म १९४५ साली आपल्या ग्वाल्हेरचा. सीआयच्या दोन शहरांनी मिळून देशाच्या बाजाराला खोटे ठरवले होते.

'शोले' तरला कारण त्याला आठवडे मिळाले. सोमवारच्या आकड्यावर तो उतरवला असता, तर आज त्याचे नाव कोणी घेतले नसते.

आठवड्याचे तीन दिवस कसे झाले?

मराठीत आठवडे मोजण्याच्या काळातला शेवटचा मोठा विजय १९९१ सालच्या 'माहेरची साडी'चा. विजय कोंडके यांचा हा चित्रपट शहरी समीक्षकांनी बाजूला सारला आणि गावोगावच्या बायकांनी डोक्यावर घेतला. ज्या बायका एरवी थिएटरात जात नसत, त्या घोळक्याने आल्या. हा प्रेक्षक कोणाच्याही हिशेबात नव्हता.

त्यानंतर घरोघरी वाहिन्या आल्या आणि १९९७ साली दिल्लीत पहिले मल्टिप्लेक्स उघडले. एका मोठ्या पडद्याच्या जागी चार-पाच लहान पडदे झाले, तिकीट महागले. दोन हजार पाचनंतर उपग्रहावरून आणि डिस्कवरून चित्रपट पाठवण्याची सोय झाली. पेट्यांची गरज संपली आणि एकाच दिवशी हजारो पडद्यांवर चित्रपट लावता येऊ लागला.

२००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात वाट्यावरून तंटा झाला. एप्रिल ते जून मोठे हिंदी चित्रपट मल्टिप्लेक्सात लागलेच नाहीत. शेवटी तोड निघाली ती अशी. कर वजा जाता जे उरेल त्यातला पहिल्या आठवड्यात ५० टक्के वाटा वितरकाचा, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यापुढे ३०. हे चार आकडे नीट पाहिले की आजचा सोमवारचा उत्साह कळतो. वितरकाला पहिल्या आठवड्यातच सर्वाधिक मिळते. मग तो जाहिरातीचा सगळा जोर पहिल्या तीन दिवसांवर लावणार आणि दुसऱ्या शुक्रवारी नवा चित्रपट दारात उभा असणार. जुना प्रेक्षक पंचविसाव्या आठवड्यातही निवांत तिकीट काढीत असे. नव्या व्यवस्थेला त्याची वाट पाहायला वेळ नाही.

मोठ्या हिंदी चित्रपटासमोर मराठी चित्रपट खुद्द महाराष्ट्रात अडचणीत येतो, तो याच कारणाने. सकाळी अकराचा एकच खेळ द्यायचा, त्याला वीस माणसे आली की 'मराठीला प्रेक्षक नाही' असे म्हणायचे. यावर एप्रिल २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारला मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपट मोक्याच्या वेळी दाखवावा असा निर्णय घ्यावा लागला आणि त्यावर वादळ उठले. कोहिनूरच्या प्रसंगाला तेव्हा चव्वेचाळीस वर्षे झाली होती.

अंदाजांना हुलकावणी

तरीही मराठी प्रेक्षक अधूनमधून सगळ्यांचे हिशेब उधळून लावतो. २९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. नायक-नायिका नवखे. पहिल्याच आठवड्यात पंचवीस कोटींच्या घरात गल्ला झाला आणि पुढे शंभर कोटी ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. सुट्ट्या आणि महाराष्ट्र दिन यांचा लाभ मिळाला हे खरे, पण सुट्ट्या दरवर्षी येतात.

'बाईपण भारी देवा'ची गोष्ट आणखी बोलकी. ३० जून २०२३ रोजी तो लागला. पहिल्या दिवशीचा गल्ला एक कोटीच्या आसपास. आजच्या सूत्राने दुसऱ्या आठवड्यात निम्मी घसरण व्हायला हवी. इथे दुसरा आठवडा पहिल्यापेक्षा मोठा निघाला! मैत्रिणींचे, जावा-नणंदांचे, महिला मंडळांचे गट साड्या नेसून थिएटरात येऊ लागले. 'माहेरची साडी'चा प्रेक्षक बत्तीस वर्षांनी परत आला आणि या खेपेलाही तो कोणाच्या हिशेबात नव्हता.

येणाऱ्या चित्रपटांविषयी अंदाज बांधायचाच असेल तर इतिहासातून दोन-तीन गोष्टी हाती लागतात. एक, तारीख. 'टाइमपास' ३ जानेवारी २०१४, 'नटसम्राट' १ जानेवारी २०१६, 'वेड' ३० डिसेंबर २०२२. वर्षाच्या सांध्यावरचा आठवडा मराठीला लाभलेला दिसतो. गणपतीच्या दहा दिवसांत माणूस मंडपात असतो, थिएटरात नाही. म्हणून 'दशावतार' २०२५ साली विसर्जनानंतरच्या शुक्रवारी, १२ सप्टेंबरला आला तो विचारपूर्वकच असणार. दुसरे, प्रेक्षकातला जो गट एरवी घराबाहेर पडत नाही, तो बाहेर पडला की आकडा दुपटीने चुकतो. तिसरे, पहिल्या शुक्रवारपेक्षा पहिला सोमवार महत्त्वाचा. शुक्रवार जाहिरातीचा असतो, सोमवार चित्रपटाचा.

मराठी गोष्ट, हिंदी गल्ला

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' आला. शिवाजी सावंतांच्या मराठी कादंबरीवरचा, लक्ष्मण उतेकरांनी दिग्दर्शित केलेला, संभाजी महाराजांवरचा हिंदी चित्रपट. देशभर त्याने काही शे कोटींचा गल्ला केला. मध्यप्रदेश सरकारने तो करमुक्त केला. आपल्या शहरातही तो लागला आणि अनेक मराठी कुटुंबे तीन पिढ्या मिळून पाहून आली. आनंदच आहे. पण हिशेबाच्या वहीत हा गल्ला हिंदीच्या पानावर जमा झाला. प्रभातची 'दुनिया न माने' ज्या वाटेने आली, त्याच वाटेने नव्वद वर्षांनी 'छावा' आला. मराठी माणसाची गोष्ट आपल्यापर्यंत येते, मराठी भाषा मात्र मागे राहते.

दर सोमवारी मराठी चित्रपटाचे जे आकडे येतात, त्यात मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर असतात. ग्वाल्हेर नसते. चित्रपट लागत नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून प्रेक्षक आहे हे कोणाला ठाऊक नाही, आणि प्रेक्षक ठाऊक नाही म्हणून चित्रपट लागत नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली लष्कर वसवल्यापासून आपण इथे आहोत, पण चित्रपटाच्या नकाशावर आपले खाते शून्य.

इथे थोडा हिशेब मांडू. समजा दोनशे खुर्च्यांचा एक पडदा आहे आणि तिकीट १७७ रुपये. त्यात १८ टक्के जीएसटीचे २७ रुपये गेले, उरले दीडशे. रविवारी सकाळी चाळीस माणसे आली तर सहा हजार रुपये जमले, त्यातले तीन हजार वितरकाला. एवढ्यासाठी कोणी पडदा देणार नाही. पण एकशेवीस तिकिटांची आधीच खात्री असेल तर अठरा हजार होतात, नऊ हजार वितरकाला आणि नऊ हजार थिएटरला. रविवारी सकाळी रिकाम्या राहणाऱ्या पडद्याला हे नऊ हजार नको नसतात. इंदूर, उज्जैन, देवास, भोपाळ, जबलपूर आणि ग्वाल्हेर अशा सहा शहरांच्या मराठी मंडळींनी एकाच रविवारी असे केले, तर सातशे वीस तिकिटे आणि वितरकाला चौपन्न हजार.

पेटीच्या काळात हे जमले नसते. एका प्रिंटच्या खर्चातच सगळे संपले असते आणि सहा शहरांना एकाच दिवशी सहा प्रिंटा लागल्या असत्या. आज पेटीच नाही. चित्रपट दोन शहरांत दाखवा किंवा आठ शहरांत, पोचवण्याचा खर्च पूर्वीच्या मानाने किरकोळ आहे. तिकीट शंभर रुपयांच्या आत ठेवले तर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही पाचच टक्के आहे. अडचण आता फक्त खात्रीची उरली आहे. वितरकाला मिनिमम गॅरंटी द्यायची, ही तर धंद्यातली जुनी रीत. तीच मंडळाने एकशेवीस तिकिटांच्या रूपात द्यायची.

एक शंका रास्त आहे. घरी मोबाइलवर सहा महिन्यांत हाच चित्रपट येणार असेल तर इतका खटाटोप कशाला? चित्रपट तर मोबाइलवरही दिसेल. पण नातवंडांना शेजारच्या खुर्चीवरून मराठी हशा ऐकू यायचा तो थिएटरातच. घरी आजी एकटी हसते आणि नातू उपशीर्षके वाचतो. दोनशे माणसे एकाच विनोदाला एकाच वेळी हसली की त्या मुलाला कळते, ही भाषा केवळ आजीची नाही.

आपल्या गणेशोत्सवात वर्गणी गोळा होते, नाटक बसते, गायनाच्या बैठकीला दोनशे माणसे येतात. वर्षातून चार रविवार, प्रत्येकी एकशेवीस तिकिटे, हे आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. वर्षाच्या शेवटचा आठवडा मराठी चित्रपटाला लाभतो, असे वर म्हटले आहे. विसर्जनानंतर डिसेंबरपर्यंत तीन महिने हाती असतात. एकशेवीस नावांची यादी करायला ते पुरेसे आहेत. पहिल्या खेपेस यादी ऐंशीवर अडकली तरी हरकत नाही. फाळक्यांनी सुरतेत तीन रुपयांवरून सुरुवात केली होती.